विल्यम बोइंग : विमानांकडून फर्निचरकडे आणि पुन्हा आकाशाकडे

भारतीय प्रवाशांना बोइंग हे नाव १९६० पासून परिचित आहे. त्या वर्षी एअर इंडियाच्या ताफ्यात बोइंग ७०७ हे जेट विमान दाखल झाले आणि १९७१ मध्ये त्याच कंपनीचे महाकाय ७४७ विमान आले. पुढे हे नाव विमान या शब्दाचा जणू पर्यायच बनले. मात्र ते मुळात एका व्यक्तीचे आडनाव होते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. ती व्यक्ती म्हणजे लाकडाचे व्यापारी विल्यम एडवर्ड बोइंग.

बोइंग यांनी १९१६ मध्ये विमानबांधणीची कंपनी स्थापन केली. अवघ्या दोन-तीन वर्षांत त्या कंपनीवर कपाटे आणि नौका बनवून दिवस काढण्याची पाळी आली. त्यातून सावरून त्यांनी लढाऊ विमाने, टपाल वाहतूक, प्रवासी सेवा, इंजिने अशा एकेका क्षेत्रात पाऊल टाकले. या विस्ताराने कंपनीला जीवदान दिले. पुढे अमेरिकी सरकारने कंपनीचे विभाजन केले, त्यालाही हा विस्तारच कारणीभूत ठरला. विभाजनानंतर संस्थापकाने आपल्याच नावाच्या कंपनीशी असलेले नाते तोडले.

लाकडाच्या व्यापारातून

विल्यम बोइंग यांचा जन्म १ ऑक्टोबर १८८१ रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट येथे झाला. त्यांचे वडील विल्हेल्म १८६८ मध्ये जर्मनीतून अमेरिकेत आले होते. लाकडाच्या धंद्यात त्यांनी चांगली संपत्ती मिळवली आणि लोहखनिजाच्या जमिनींमुळे तिच्यात भर पडली. आई मारी मूळच्या व्हिएन्नाच्या होत्या. विल्यम आठ वर्षांचे असताना, १८९० मध्ये वडिलांचे निधन झाले. पुढे आईने पुनर्विवाह केला आणि मुलाला शिक्षणासाठी स्वित्झर्लंडला पाठविले.

अमेरिकेत परतल्यावर त्यांनी येल विद्यापीठाच्या विज्ञान शाखेत प्रवेश घेतला, परंतु १९०३ मध्ये शिक्षण अर्धवट सोडले. देशाच्या वायव्य टोकाला असलेल्या वॉशिंग्टन राज्यात तेव्हा अफाट जंगले होती. तेथील ग्रेज हार्बर भागात त्यांनी वडिलांच्याच मार्गाने लाकडाचा व्यवसाय सुरू केला. १९०८ मध्ये ते सिअ‍ॅटल शहरात स्थायिक झाले. तिशीपूर्वीच ते धनवान व्यापारी म्हणून ओळखले जाऊ लागले होते.

व्यवसायामुळे त्यांना लाकडाची उत्तम पारख झाली होती. स्प्रूस जातीच्या झाडाचे लाकूड हलके तरीही मजबूत असते. त्या काळी विमानाचा सांगाडा अशाच लाकडाचा असे. त्यावर कापड ताणून बसवीत आणि पंख तारांनी आवळीत. पुढे विमानबांधणीत बोइंग यांना या माहितीचा मोठा उपयोग झाला.

जानेवारी १९१० मध्ये लॉस एंजेलिसजवळ विमानांचे मोठे प्रदर्शन भरले होते. ते पाहून बोइंग प्रभावित झाले. प्रसिद्ध फ्रेंच वैमानिक लुई पोलाँ यांच्या विमानात बसण्याची त्यांना इच्छा होती, पण ती पूर्ण झाली नाही. त्याच वर्षी आपली खासगी नौका पूर्ण करून घेण्यासाठी त्यांनी सिअ‍ॅटलच्या डुवामिश नदीकाठची एक गोदी विकत घेतली. नौका बांधण्याची ही जागा पुढे त्यांच्या विमान कारखान्याचे घर ठरली.

पहिले विमान

सिअ‍ॅटलमध्ये बोइंग यांची मैत्री अमेरिकी नौदलातील अभियंता अधिकारी कॉनरॅड वेस्टरव्हेल्ट यांच्याशी झाली. टेरा मरोनी या वैमानिकाने आपले जलविमान शहरात आणले, तेव्हा दोघा मित्रांनी आळीपाळीने त्यात बसून उड्डाणाचा अनुभव घेतला. ते विमान पाहून, याहून चांगले विमान आपण बनवू शकतो, अशी दोघांचीही खात्री पटली. १९१५ मध्ये बोइंग यांनी लॉस एंजेलिस येथे ग्लेन मार्टिन यांच्या शाळेत विमान चालविण्याचे शिक्षण घेतले आणि मार्टिन यांच्याकडून एक जलविमान खरेदी केले.

त्यानंतर दोघांनी मिळून विमान बांधण्यास सुरुवात केली. काम चालू असतानाच वेस्टरव्हेल्ट यांची नौदलाने पूर्व किनाऱ्यावर बदली केली. तरीही दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून या विमानाला बी अँड डब्ल्यू असे नाव देण्यात आले. १५ जून १९१६ रोजी सिअ‍ॅटलच्या लेक युनियन तलावावरून त्याचे पहिले उड्डाण झाले. ठरलेला वैमानिक वेळेवर न आल्याने बोइंग यांनी स्वतःच विमान आकाशात नेले.

महिनाभरात, १५ जुलै १९१६ रोजी, पॅसिफिक एरो प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. १९१७ मध्ये तिला बोइंग एअरप्लेन कंपनी हे नाव मिळाले. बीजिंगमध्ये जन्मलेले आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकलेले वाँग त्सू हे कंपनीचे पहिले प्रशिक्षित विमान अभियंता होत. त्यांनी रचलेल्या मॉडेल सी या प्रशिक्षण विमानामुळे कंपनीचे पाऊल प्रथमच स्थिर झाले. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर नौदलाने अशी ५० विमाने मागविली.

याच काळात बोइंग यांनी दूरदृष्टीचा आणखी एक निर्णय घेतला. वॉशिंग्टन विद्यापीठात विमानविद्येचे शिक्षण सुरू व्हावे, यासाठी त्यांनी हवेच्या झोतात विमानाच्या प्रतिकृतींची चाचणी घेणारा वातबोगदा बांधण्यास पैसे दिले. त्याच विद्यापीठातून बाहेर पडलेले क्लेअरमाँट एग्टव्हेट आणि फिलिप जॉन्सन हे दोन तरुण १९१७ मध्ये कंपनीत आले. पुढे दोघांनीही कंपनीचे अध्यक्षपद भूषविले.

कपाटे, ग्रामोफोनच्या पेट्या आणि नौका

नोव्हेंबर १९१८ मध्ये महायुद्ध संपले. शांततेचे जगभर स्वागत झाले, विमान कारखान्यांपुढे मात्र अस्तित्वाचा प्रश्न उभा राहिला. नौदलाने बोइंग कंपनीला कर्टिस बनावटीची ५० उडती जहाजे बांधण्याचे काम दिले होते. युद्ध थांबताच ही संख्या निम्म्यावर आणण्यात आली. युद्धासाठी बनविलेली हजारो विमाने सरकारला नकोशी झाली आणि अत्यल्प किमतीत बाजारात आली. जुने विमान काहीशे डॉलरना मिळत असताना नवे कोण घेणार, हा प्रश्न होता.

गोदीतील लाल रंगाच्या लाकडी इमारतीत कुशल सुतार, नौका बांधणारे कारागीर आणि पंखांवर कापड शिवणाऱ्या स्त्रिया काम करीत होत्या. हे कारागीर एकदा पांगले असते, तर पुन्हा विमान बांधायची वेळ आल्यावर अशी माणसे गोळा करणे कठीण झाले असते. कारखाना बंद करणे बोइंग यांना सहज शक्य होते. त्यांचा लाकडाचा व्यवसाय उत्तम चालला होता आणि चरितार्थासाठी विमानांची गरज नव्हती. तरीही त्यांनी कारखाना चालू ठेवला.

हातातील कौशल्य तेच ठेवून वस्तू बदलायची, असा मार्ग कंपनीने स्वीकारला. विमानाचा लाकडी सांगाडा घडविणारे हात आता शयनगृहातील कपाटे, दुकानांतील फर्निचर आणि ग्रामोफोनच्या पेट्या बनवू लागले. सी स्लेड या प्रकारच्या वेगवान मोटारनौकाही तेथे तयार होऊ लागल्या. यातून मोठा नफा होणे शक्यच नव्हते. खर्च आणि उत्पन्न यांतील तूट भरून काढण्यासाठी आणि कामगारांचे पगार देण्यासाठी बोइंग यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले. लाकडाच्या व्यापारातील कमाई अशा रीतीने विमानांच्या कारखान्यात जिरत होती.

विमानांचे कामही पूर्णपणे थांबले नव्हते. ३ मार्च १९१९ रोजी एडी हबार्ड हा वैमानिक आणि स्वतः बोइंग यांनी कॅनडातील व्हँकुव्हरहून सिअ‍ॅटलपर्यंत ६० पत्रांची थैली विमानाने आणली. अमेरिकेत परदेशातून विमानाने आलेले हे पहिले टपाल होते. त्याच वर्षाच्या अखेरीस बी-१ हे उडते जहाज तयार झाले, पण बाजारातील जुन्या स्वस्त विमानांपुढे त्याला गिऱ्हाईक मिळेना. असे एकच विमान बांधले गेले. हबार्ड यांनी ते सिअ‍ॅटल आणि कॅनडातील व्हिक्टोरिया यांच्यामधील टपालासाठी वर्षानुवर्षे वापरले.

दुसऱ्यांच्या आराखड्यांवरून स्वतःच्या विमानाकडे

फर्निचरने कारखाना तगला, परंतु कंपनीला खरी उभारी लष्कराच्या कामांतून मिळाली. सुरुवातीला डी हॅविलंड बनावटीच्या जुन्या डीएच-४ विमानांची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी करण्याचे काम मिळाले. १९२१ मध्ये लष्कराने थॉमस-मोर्स कंपनीच्या आराखड्यानुसार एमबी-३ए जातीची २०० लढाऊ विमाने बांधून घेण्यासाठी निविदा मागविल्या. आराखडा ज्या कंपनीचा होता, तिच्यापेक्षा कमी किमतीची निविदा बोइंग कंपनीने भरली आणि काम मिळविले. स्प्रूसची जंगले हाताशी असल्याने तिला लाकूड स्वस्त पडत होते.

या कामाने पैसा आला, त्याचबरोबर अनुभवही आला. एकाच जातीची २०० विमाने बांधताना मूळ आराखड्यातील दोष अभियंत्यांच्या लक्षात येत गेले. केवळ दुसऱ्यांची विमाने बांधत राहिल्यास कंपनीचे भवितव्य नेहमीच परक्या हातांत राहील, असे एग्टव्हेट यांचे मत होते. त्यांचा हा आग्रह बोइंग यांना पटला. सरकारी मागणीची वाट न पाहता कंपनीने स्वखर्चाने नवे लढाऊ विमान तयार करण्याचे ठरविले.

हे विमान १९२३ मध्ये उडाले. त्याचा सांगाडा लाकडाऐवजी वेल्डिंगने जोडलेल्या पोलादी नळ्यांचा होता. लाकडाच्या व्यापाऱ्याच्या कारखान्यातच लाकडाची जागा पोलादाने घ्यावी, हा बदल लक्षणीय होता. लष्कराने ते पीडब्ल्यू-९ या नावाने स्वीकारले आणि नौदलानेही त्याची आवृत्ती घेतली. यानंतर लढाऊ विमाने बनविणारी अग्रगण्य कंपनी म्हणून बोइंगची गणना होऊ लागली. फर्निचर आणि नौका यांची गरज उरली नाही.

टपालाचा जुगार

केवळ लष्करावर विसंबून राहण्यातील धोका बोइंग यांनी १९१८ मध्ये अनुभवला होता. दुसरे गिऱ्हाईक शोधणे आवश्यक होते. १९२५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने टपालाची विमान वाहतूक खासगी कंपन्यांकडे सोपविणारा कायदा केला. त्यानंतर शिकागो ते सॅन फ्रान्सिस्को या सुमारे ३ हजार किलोमीटरच्या मार्गासाठी निविदा निघाली. हबार्ड आणि एग्टव्हेट यांनी ती भरण्याची कल्पना मांडली. रॉकी पर्वत ओलांडून, हिवाळ्यातील हिमवादळांतून आणि रात्रीच्या अंधारातून टपाल नेणे हे मोठे धाडस होते. बोइंग यांनी प्रथम नकार दिला, पण रात्रभर विचार केल्यानंतर संमती दिली.

या निर्णयामागे एक तांत्रिक हिशेब होता. तोपर्यंतच्या टपाल विमानांत पाण्याने थंड राहणारे लिबर्टी इंजिन असे. पाणी, ते थंड करणारी यंत्रणा आणि नळ्या यांचे वजन विमानाला विनाकारण वाहावे लागे. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे नवे वास्प इंजिन हवेनेच थंड राहत असे. त्यामुळे वाचलेल्या वजनाइतके अधिक टपाल नेता येई. नेलेल्या टपालावरच उत्पन्न अवलंबून असल्याने हा फरक निर्णायक होता. या इंजिनावरील मॉडेल ४०ए विमानात टपालाखेरीज दोन प्रवाशांचीही सोय करण्यात आली होती.

कंपनीने भरलेला दर इतका कमी होता की, हे काम पार पडेल की नाही, याविषयी शंका घेतली गेली. हमीची मोठी रक्कम बोइंग यांनी व्यक्तिशः आपल्या नावावर घेतली. १ जुलै १९२७ रोजी सेवा सुरू झाली आणि ती फायद्यात चालली. अशा प्रकारे विमान बनविणारी कंपनी आता विमाने चालवूही लागली. आपल्या विमानांचे एक हक्काचे गिऱ्हाईक तिने स्वतःच निर्माण केले होते.

प्रवाशांची संख्या वाढत गेली, तशी मोठ्या विमानांची निकड भासू लागली. १९२८ मध्ये तीन इंजिनांचे आणि १२ आसनांचे मॉडेल ८० तयार झाले. १५ मे १९३० रोजी एलन चर्च या परिचारिकेने बोइंगच्या विमानसेवेत कामास आरंभ केला. त्या जगातील पहिल्या हवाई सुंदरी मानल्या जातात. विमानात परिचारिका असल्यास घाबरलेल्या प्रवाशांना धीर येईल, ही कल्पना त्यांनीच कंपनीपुढे मांडली होती.

एकाच छत्राखाली सर्व काही

फेब्रुवारी १९२९ मध्ये बोइंग आणि प्रॅट अँड व्हिटनीचे प्रमुख फ्रेडरिक रेंट्श्लर यांनी आपले उद्योग युनायटेड एअरक्राफ्ट अँड ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन या महामंडळात एकत्र आणले. नौदलासाठी विमाने बनविणारी चान्स व्हॉट, पंखे बनविणारी हॅमिल्टन, तसेच सिकॉर्स्की आणि स्टिअरमन या विमान कंपन्याही त्यात आल्या. विमान, त्याचे इंजिन, त्याचा पंखा आणि ते चालविणारी सेवा हे सर्व एकाच छत्राखाली आले. बोइंग या महामंडळाचे अध्यक्ष झाले. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्या कारखान्यात कपाटे बनत होती, ते आता अमेरिकेतील एका बलाढ्य उद्योगसमूहाच्या शिखरावर होते.

या एकत्रीकरणाचे फायदे लवकरच दिसू लागले. १९३० मध्ये मोनोमेल हे संपूर्ण धातूचे, उड्डाणानंतर चाके आत ओढून घेणारे विमान तयार झाले. त्यातील अनुभवाच्या आधारे बनविलेले बोइंग २४७ हे दोन इंजिनांचे, दहा प्रवाशांचे विमान ८ फेब्रुवारी १९३३ रोजी आकाशात झेपावले. अनेक जाणकार त्याला पहिले आधुनिक प्रवासी विमान मानतात. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जाण्यास त्याला सुमारे २० तास लागत.

याच विमानाने अतिविस्ताराचा तोटाही दाखवून दिला. पहिली सुमारे ६० विमाने समूहाच्या स्वतःच्या युनायटेड एअर लाइन्स या सेवेसाठी राखून ठेवण्यात आली होती. टीडब्ल्यूए या प्रतिस्पर्धी कंपनीला २४७ हवे होते, परंतु युनायटेडची मागणी पूर्ण होईपर्यंत ते तिला मिळणार नव्हते. तेव्हा टीडब्ल्यूएने इतर उत्पादकांकडे धाव घेतली. कॅलिफोर्नियातील डोनाल्ड डग्लस यांनी तिच्यासाठी डीसी-१ बनविले आणि १ जुलै १९३३ रोजी ते उडाले. त्यातून डीसी-२ आणि १९३५ मध्ये डीसी-३ जन्माला आले.

डीसी-३ ने २४७ ला पार मागे टाकले. २४७ जातीची एकूण ७५ विमाने बनली, तर डीसी-३ आणि तिच्या लष्करी आवृत्त्या हजारोंच्या संख्येने बाहेर पडल्या. भारतात हे विमान डकोटा या नावाने ओळखले जाते. ऑक्टोबर १९४७ मध्ये भारतीय सैन्याला श्रीनगरला पोहोचविणारी विमाने हीच होत. स्वतःच्या विमानसेवेला प्राधान्य देण्याच्या नादात बोइंग समूहाने आपला सर्वांत प्रबळ स्पर्धक स्वतःच उभा केला, असे म्हणावे लागेल.

विभाजन आणि निवृत्ती

त्या वेळी अमेरिका महामंदीत होरपळत होती. बड्या उद्योगसमूहांविषयी जनतेत रोष होता. टपालाची कंत्राटे मूठभर कंपन्यांना वाटून दिली गेली, असा आरोप झाला आणि सिनेटर ह्यूगो ब्लॅक यांच्या समितीने चौकशी सुरू केली. १९३४ च्या आरंभी समितीने बोइंग यांना साक्षीसाठी बोलाविले आणि समभागांतून झालेल्या प्रचंड नफ्याविषयी प्रश्न विचारले. फेब्रुवारीत अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी टपालाची खासगी कंत्राटे रद्द करून ते काम लष्कराकडे सोपविले. ऐन हिवाळ्यात, अपुऱ्या साधनांनिशी हे काम करताना लष्कराचे अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. काही महिन्यांतच टपाल पुन्हा खासगी कंपन्यांकडे आले.

मात्र जून १९३४ मध्ये झालेल्या नव्या कायद्याने विमान बनविणाऱ्या कंपनीला विमानसेवा चालविण्यास मनाई केली. त्यानुसार समूहाचे तीन भाग झाले. विमानसेवा युनायटेड एअर लाइन्स म्हणून वेगळी झाली. देशाच्या पूर्व भागातील इंजिन आणि इतर कारखाने युनायटेड एअरक्राफ्टकडे गेले. पश्चिमेकडील विमान कारखाने बोइंग एअरप्लेन कंपनीच्या वाट्याला आले.

त्याच जून महिन्यात विमानविद्येतील कार्याबद्दल बोइंग यांना मानाचे डॅनियल गुगेनहाइम पदक मिळाले. पदक आणि विभाजनाचा कायदा यांत अवघ्या काही दिवसांचे अंतर होते. चौकशीने ते व्यथित झाले होते. सप्टेंबर १९३४ मध्ये त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि आपले समभाग विकून टाकले. वयाच्या ५३ व्या वर्षी विमान उद्योगाशी असलेला त्यांचा संबंध जवळजवळ संपुष्टात आला.

उत्तरायुष्यात ते शेती, गुरे, शर्यतीचे घोडे, नौकाविहार आणि जमिनींचे व्यवहार यांत रमले. या कालखंडातील एक बाब मात्र नोंद घेण्यासारखी आहे. १९३५ ते १९४४ या काळात त्यांनी आणि पत्नी बर्था यांनी सिअ‍ॅटलच्या उत्तरेस ज्या वसाहती विकसित केल्या, तेथील खरेदीखतांत गोरेतर लोकांना घर विकण्यास आणि तेथे राहण्यास मनाई करणारी अट होती. घरकाम करणाऱ्या नोकरांचाच काय तो तिला अपवाद होता. अशा अटी त्या काळी अमेरिकेत सर्रास घातल्या जात. तरीही ज्यांच्या कंपनीचे पहिले यश एका चिनी अभियंत्याच्या आराखड्यावर उभे होते, त्यांच्या जीवनातील हा विरोधाभास दुर्लक्षिता येत नाही.

संस्थापकाविना कंपनी

बोइंग बाहेर पडले तेव्हा कंपनीची स्थिती नाजूक होती. हक्काची विमानसेवा गेली होती आणि डग्लसची विमाने बाजार काबीज करीत होती. एग्टव्हेट यांनी कंपनीचा मोहरा मोठ्या विमानांकडे वळविला. २८ जुलै १९३५ रोजी चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाचे पहिले उड्डाण झाले. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या नावाने गाजलेले विमान ते हेच. बोइंग आणि इतर कारखान्यांनी मिळून अशी १२ हजारांहून अधिक विमाने बांधली. युद्धकाळात विल्यम बोइंग यांनी सल्लागार म्हणून कंपनीला साहाय्य केले.

१९४५ मध्ये युद्ध संपताच १९१८ ची पुनरावृत्ती झाली. सरकारी मागणी एकाएकी थांबली आणि सुमारे ७० हजार कामगारांना काम गमवावे लागले. इतक्या मोठ्या कारखान्याला या वेळी कपाटे बनवून तगता येणार नव्हते. तथापि केवळ लष्करावर विसंबू नये, हा जुना धडा कंपनीच्या स्मरणात होता. काही वर्षांनी तिने सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर स्वतःच्या खर्चाने घालून एक जेट विमान तयार केले. त्याच्या आधारे लष्करासाठी हवेतल्या हवेत इंधन भरणारे विमान आणि विमान कंपन्यांसाठी प्रवासी विमान अशी दोन्ही उत्पादने विकण्याचा तिचा मानस होता.

१५ मे १९५४ रोजी डॅश ८० हे प्रायोगिक विमान रेंटन येथील कारखान्यातून समारंभपूर्वक बाहेर आणण्यात आले. विमानाचे नामकरण बर्था बोइंग यांच्या हस्ते झाले. ७२ वर्षांचे विल्यम बोइंग समारंभास उपस्थित होते. दोन महिन्यांनी, १५ जुलै रोजी, त्या विमानाने पहिले उड्डाण केले. ३८ वर्षांपूर्वी त्याच तारखेला त्यांनी कंपनी स्थापन केली होती. लष्कराने त्यापासून केसी-१३५ घेतले, तर विमान कंपन्यांना ७०७ मिळाले. ऑक्टोबर १९५८ मध्ये पॅन अमेरिकन कंपनीने ७०७ ची नियमित सेवा सुरू केली आणि दोनच वर्षांत ते भारतात पोहोचले.

विल्यम बोइंग यांना हे पाहता आले नाही. २८ सप्टेंबर १९५६ रोजी, पंचाहत्तरी पूर्ण होण्यास तीन दिवस उरले असताना, टॅकोनाइट या आपल्या नौकेवर त्यांचे निधन झाले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा किनारा त्यांना विशेष प्रिय होता. तेथील समुद्रातच त्यांच्या अस्थी विसर्जित करण्यात आल्या.

त्यानंतर कंपनीच्या कार्याचा विस्तार अंतराळयाने, उपग्रह आणि हेलिकॉप्टर यांपर्यंत झाला. टीडब्ल्यूएला दिलेल्या नकारामुळे पुढे आलेली डग्लस कंपनी १९६७ मध्ये मॅकडॉनेल कंपनीत सामील झाली आणि १९९७ मध्ये ती संयुक्त कंपनी बोइंगमध्ये विलीन झाली. विमाने बनविणे आणि ती प्रवाशांसाठी चालविणे हे दोन व्यवसाय मात्र १९३४ नंतर बोइंगच्या छत्राखाली पुन्हा एकत्र आले नाहीत.

डुवामिश नदीकाठची ती लाल लाकडी इमारत आजही अस्तित्वात आहे. मूळ जागेवरून हलवून ती सिअ‍ॅटलच्या विमान संग्रहालयात जतन करण्यात आली आहे. पंखांची जुळणी जेथे होत असे, तेथेच कामाविना बसलेल्या सुतारांच्या हातून कपाटे आणि ग्रामोफोनच्या पेट्या तयार झाल्या होत्या. त्या काळात कारागिरांना सांभाळले गेले, म्हणूनच १९२१ मध्ये २०० विमानांची मागणी आली तेव्हा ती पुरी करणारी माणसे कारखान्यात होती.